वचनाचा देश आणि पुढची खोली

३ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझे गुडघे कसे आहेत? पायरी उतरताना कटकट वाजतात म्हणाली होतीस, ते वाजणं कमी झालं की वाढलं? तुझ्या पुतण्याची पाठ बरी आहे का? दुरुस्तीचे पंखे उचलून उचलून धरली असेल. त्याच्या बायकोचा खोकला? आणि छोटीला दात आले का? शेवटी तुझ्या शिलाई मशीनची तब्येत विचारतो, कारण त्या घरात तुझ्याखालोखाल कुरकुर तिचीच.

इथे मी ठीक. सून वेळेवर जेवायला घालते, मुलगा वेळेवर रागावतो. उजव्या हाताचं एक बोट थरथरतं, पण ब्रश धरला की शहाण्यासारखं वागतं.

आता माझं खरं दुखणं ऐक. आमच्या प्रार्थनाघराच्या वाचनखोलीत एक भिंत मोकळी होती. आमच्याबरोबर वाचायला बसणारा कंपाउंडर म्हणाला, तिथे वचनाच्या देशाचा नकाशा काढू, म्हणजे देवाने अब्राहामाला नेमकी कुठली जमीन देऊ केली ते वाचणाऱ्यांना डोळ्यांनी दिसेल. पेंटर घरचाच होता. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि पाटी म्हटलं की आधी चौकट. दोरीला खडू चोळायचा, ती ताणायची, टिचकी मारायची, उमटलेल्या रेघेवर पक्का ऑइलपेंट ओढायचा, आणि मग आतली अक्षरं. त्याच सवयीने मी देशाची हद्द सगळ्यात आधी काढली. लालभडक, बोटभर जाड. कंपाउंडरने बायबलच्या पहिल्या पुस्तकातून वाचून दाखवली तशी, मिसरच्या नदीपासून थेट फरात नदीपर्यंत.

रंग वाळला आणि वाचनाला येणारे दुसरे, शाळेतले मास्तर आले. "पेंटर, हे काय? चौथ्या पुस्तकात हद्द यार्देन नदीवर संपते. तुम्ही तर आजूबाजूची सगळी राज्यं गिळलीत."

कंपाउंडर म्हणाला, "देवाने दिलीत, मी नाही."

दोघे माझ्या शिडीला धरून भांडले, आणि मी वर डबा सांभाळत बसलो. ठमे, मला वाटायचं, देवाने वचन दिलं म्हणजे हद्द ठरली. इथे वचन एक आणि हद्दी जेवढी पुस्तकं तेवढ्या. आणि ऑइलपेंट काही थुंकी लावून पुसता येत नाही.

तुझी खबर कळव. टपाल रेंगाळतं, म्हणून हे वाचलंस की लगेच लिहायला बस.

दादा


१३ सप्टेंबर

दादा,

गुडघे वाजतात. पाठ आणि खोकला जागच्या जागी आहेत. छोटीला वरचे दोन दात आले, पहिला चावा मला मिळाला. मशीनची तब्येत विचारलीस ते बरं केलंस. मशीन आता बोळात आहे.

बोळ म्हणजे पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायची ती अरुंद वाट. पुतण्याच्या दुरुस्तीच्या दुकानाची जागा मालकाने परत मागितली. "काकू, थोडे दिवस," म्हणत त्याने पंखे आणि मिक्सर माझ्या खोलीत आणून मांडले. थोडे दिवस म्हणता म्हणता काल शटरवाला मापं घेऊन गेला. बोळात उजेड नाही. परवा एका शर्टाला मी उलटी बाही लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तुला आठवतच असेल. हे गेले तेव्हा तू आला होतास. भाऊजी तुझ्यासमोर मला म्हणाले, "वहिनी, ही पुढची खोली तुमची. तुम्ही आहात तोवर तिला कुणी हात लावणार नाही." आता भाऊजीही नाहीत. त्यांचा हा मुलगा म्हणतो, "बाबा बोलले असतील. पण आजोबांनी मला मांडीवर बसवून सांगितलं होतं, फाटकापासून विहिरीपर्यंत सगळं घर तुझं." मामंजी नातवाला मांडीवर घेऊन चंद्रसुद्धा देऊन टाकत, ते मात्र याला आठवत नाही.

शब्द दिला तेव्हा तिथे असलेला तू एकटाच उरलास. पुतण्याला एक ओळ लिही, की तुझ्या वडिलांनी शब्द दिला तेव्हा मी हजर होतो. बाकी काही नको. एकच ओळ, दादा. तुला ओळखते म्हणून दोनदा सांगते.

ठमी


२२ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण धीर सोडू नकोस. मीही सोडलेला नाही. आठवडाभर पत्र्याच्या पट्टीने लाल रंग खरवडतोय. रंगाबरोबर भिंतीचा गिलावा येतो. फरात नदीपाशी एवढा खळगा पडलाय की मास्तर त्याला तळं म्हणतात.

खरवडताना त्या वचनाचाच विचार करत होतो. देवाने अब्राहामाशी करार कसा केला ठाऊक आहे? त्या काळी करार करणारे जनावरं मधोमध चिरून दोन बाजूंना मांडत आणि दोघंही मधून चालत जात. अर्थ असा, की जो शब्द मोडेल त्याचं असं होवो. अब्राहामाने सगळं मांडलं. गिधाडं झडप घालू लागली, ती हाकलत बसला. सूर्य मावळला आणि त्याला गाढ झोप लागली. मग त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि पेटती मशाल गेली. म्हणजे देव एकटाच चालला. अब्राहामाला चालावंच लागलं नाही. सगळी जोखीम देणाऱ्याने आपल्या डोक्यावर घेतली.

यावरून मला वाटतं, दिलेल्या शब्दाची काळजी देणाऱ्याला. भाऊजी सरळ माणूस होते. मी साक्षीचं पत्र लिहिलं तर त्यांच्या शब्दाला टेकू लागतो असं दिसेल. आपणच संशय घेतल्यासारखं होईल. तू अब्राहामासारखी स्वस्थ राहा, गं. पुतण्याला उमजेल.

गुडघ्याला तेल लावतेस ना? उत्तराला उशीर करू नकोस.

दादा


३० सप्टेंबर

दादा,

मी खोली मागितली, तू मला गिधाडं पाठवलीस.

स्वस्थ राहा म्हणतोस, कुठे राहू तेही कळव. बोळात बसले की येणारा-जाणारा पाठीला घासून जातो. गिऱ्हाईकं दारात पंखे बघून परत फिरतात. त्यांना वाटतं म्हातारीने शिवणं सोडलं.

शेवटी मी पुस्तक काढलं, भिंग घेतलं आणि तुझा तो अध्याय स्वतः वाचला. तू दोन गोष्टी गाळल्यास. जनावरं चिरायच्या आधी तुझा अब्राहाम देवालाच विचारतो, की हे मला मिळणार हे मी कशावरून समजू? आणि देव रागावत नाही. पुढचा सगळा थाट त्या प्रश्नाचंच उत्तर आहे. देवाने विचारणाऱ्याला खूण दिली. माझा भाऊ मला एक ओळ देत नाही.

दुसरी गोष्ट अध्यायाच्या शेपटाला आहे. जो देश देऊ केला त्यात आधीच कोण कोण राहत होतं त्यांची नावं. केनी, कनिज्जी, कदमोनी अशी सुरुवात होते आणि शेवटी यबूसी. दादा, ती माणसं तिथे राहत होती. चूल पेटवत होती, पोरं निजवत होती. त्यांना कुणी विचारलं का? तू मला अब्राहाम म्हणतोस. पण इथे आजोबांचं वचन सांगत आलाय तो पुतण्या, आणि आधीपासून राहतेय ती मी. मी कसली अब्राहाम? मी त्या नावांतली शेवटची. यबूसी.

ओळ लिही.

ठमी


१० ऑक्टोबर

चिरंजीव,

तुझी पाठ, सूनबाईंचा खोकला, छोटीचे दात, सगळ्यांची चौकशी. दुकानाची जागा गेली हे कळलं. वाईट झालं. मीही पाट्यांचं दुकान एकदा असंच सोडलंय. डबे कुठे ठेवू हे कळत नाही, तो त्रास मला ठाऊक आहे.

तुझ्या काकूने सांगितलं म्हणून लिहितो. तुझ्या वडिलांनी तिला पुढच्या खोलीचा शब्द दिला तेव्हा मी तिथे होतो.

एवढंच लिहायचं होतं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अब्राहामाला सगळा देश मिळणार असं वचन होतं. त्याच्याबरोबर त्याचा पुतण्या लोट होता. दोघांची गुरं वाढली, जागा पुरेना, गुराखी एकमेकांना शिव्या देऊ लागले. तेव्हा अब्राहाम लोटाला म्हणाला, "आपण एका रक्ताचे, आपल्यात तंटा नको. तू आधी निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो." वचन ज्याच्या हातात, त्यानेच माघार घेतली. मोठेपणा याला म्हणतात.

तू हुशार आहेस. मी जास्त बोलत नाही.

तुझा मामा


१६ ऑक्टोबर

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. खरं सांगतो, पाकीट उघडताना भीती वाटत होती. मला वाटलं तुम्ही काकूची बाजू घेऊन मला झापणार. बाबांनी शब्द दिला होता हे तुम्ही लिहिलंत, ते मी मानतो. मी काकूला घराबाहेर काढत नाहीये. पण रस्त्यावर उघडणारी दुसरी खोली नाही, आणि रस्ता नसेल तर दुकान नाही. बायको रोज विचारते, दुकान कधी उघडणार? मी काय करू?

म्हणून तुमची गोष्ट वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. वडीलधाऱ्याने पुतण्याला आधी निवडू द्यावं, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत. काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी निवड केली आहे. पुढची खोली. शटर पुढच्या महिन्यात बसेल.

काकूच्या पाठीशी तुमच्यासारखा समजूतदार भाऊ आहे हे आमचं भाग्य. पाठ बरी आहे.

तुमचा भाचा


१७ ऑक्टोबर

दादा,

मी एक ओळ मागितली होती.

ठमी


२५ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. उलगडलं तरी त्यात तेवढंच आहे.

माझा हेतू ऐकून तरी घे. आजोबांचं वचन मिरवतो तो पुतण्या, म्हणून मी त्याला अब्राहाम धरलं. वचन ज्याच्या हातात त्याने मागे सरावं, एवढंच सुचवायचं होतं. तो लोट होऊन वाचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुतण्या म्हटल्यावर पुतण्याच पुतण्या होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी त्याला उलट लिहिणार होतो. तीन कागद फाडले. आता काहीही लिहिलं तरी तो म्हणेल, मामा, आधी तर तुम्हीच म्हणालात.

इथेही तेच. तुझे ते सगळे लोक मी नकाशावर लिहिले. हद्द खरवडलेल्या भिंतीवर, काळ्या बारीक अक्षरांत, केनीपासून यबूसीपर्यंत. कंपाउंडर म्हणाला, "यांना कशाला लिहिता? हे तर तिथून घालवले जाणार आहेत." मास्तर म्हणाले, "पण पुस्तकात नावं आहेत." मला बरं वाटलं. तर तेच पुढे म्हणतात, "पुस्तकात असू देत. भिंतीवर नकोत." काम थांबवलंय. मास्तर छापील नकाशा आणतो म्हणतात. माझी शिडी कोपऱ्यात उभी आहे, तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

तिसऱ्या पुस्तकात एक जागा सापडली, ती मनातून जात नाही. देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे. म्हणजे दिली, आणि दिलीही नाही. इतकी वर्षं वाचतोय. द्यायचं तर पुरतं का देत नाही, हे मला अजून समजलेलं नाही, आणि विचारायला गेलो की कंपाउंडर आणि मास्तर दोघंही पान उलटतात.

ठमे, खरं सांगू? दुसरा भाऊ असता तर "चल माझ्याकडे" म्हणाला असता आणि विषय संपला असता. मी मुलाच्या घरात पलंगापुरता आहे. पलंगाखाली माझे रंगाचे डबे, त्यावरूनही कटकट होते. तुला ये म्हणायला जागा नाही, म्हणून गोष्टी पाठवत राहिलो.

राग असू दे. पण राग आहे असं तरी लिही.

दादा


१२ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र नाही. गुडघे बरे आहेत का? शटर बसलं का? पुतण्याला विचारायची सोय मी ठेवलेली नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो. दोन शब्द लिही.

दादा


२४ नोव्हेंबर

दादा,

घरात लढाई चालली होती. निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गुडघे वाजतात.

तुझ्या त्या गोष्टीचा इतका राग आला की मी ती पुस्तकात पुन्हा वाचली. मग पुतण्याला म्हटलं, "मामांनी लिहिलंय ना, तू आधी निवड? निवड."

"निवडलीच की, काकू. पुढची."

"अशी नाही. लोटाने निवडायच्या आधी डोळे वर करून सगळा मुलूख पाहिला. पुढची खोली तू रोज बघतोस. मला जी ठेवतोयस तीही बघ. बस बोळात माझ्या स्टुलावर आणि मशीनमध्ये दोरा ओव."

"काकू, मला कामं आहेत."

"मलाही आहेत."

बसला. दोरा तोंडात घालून ओला केला, टोक पिळलं, सुईच्या अंगावरून चार वेळा घसरला. त्याची बायको बादली घेऊन गेली, त्याच्या पाठीला घासून. छोटी रांगत आली आणि पायडलवर बसली. बायको परत आली. "सरका की जरा, वाटेत काय बसलाय," म्हणाली. पंख्याच्या मोटारीत केसाएवढ्या तारा गुंडाळणारा माणूस हा, पण दोरा काही ओवला गेला नाही. उठला आणि बाहेर गेला.

मग जेवायलासुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायचा. शटरवाला आला तर त्याच्यावरच खेकसला. शेवटी एक दिवस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू भांडली असतीस ना, तर मी सगळी खोली घेतली असती. तू निवड म्हणालीस आणि मला अडकवलंस. मामांना कळव, त्यांच्या गोष्टी फार वाईट असतात."

शटर बसलं नाही. तर अशी वाटणी झाली आहे. रस्त्याचं दार त्याचं, खिडकी माझी. त्याला गिऱ्हाईक दिसायला हवं, मला सुई. मधे मी माझ्या बेतायच्या खडूने रेघ मारली आहे. गोडीगुलाबी आहे असं समजू नकोस. त्याच्या डाख लावायच्या धुराने पांढरं कापड वास मारतं. माझे दोरे त्याच्या पंख्यांत गुंततात. झाडू मारला की रेघ पुसते, ती मी रोज सकाळी नव्याने काढते आणि तो रोज म्हणतो, "काकू, कालच्यापेक्षा सरकवलीस." कधीकधी सरकवतेही. पण तुझ्या ऑइलपेंटपेक्षा हे बरं.

एक गोष्ट तुझ्या नकाशासाठी. मी पुढे वाचत गेले. यहोशवाच्या पुस्तकात देशाची वाटणी होते, कुठल्या घराण्याला कुठला डोंगर आणि कुठली गावं, वाचून झोप येते. पण त्यात मधेच एवढंसं लिहिलंय, की यबूसींना काही घालवता आलं नाही, ते तिथेच त्यांच्याबरोबर राहिले. कंपाउंडरला ते दाखव. छापील नकाशा आला तरी भिंतीवरून यबूसींना पुसू देऊ नकोस.

आता कालचं सांगते. पुतण्याचा एक स्क्रू उडाला आणि माझ्या मशीनखाली आला. मी मान खाली घालून शिवत होते. वर पाहिलं तर हा चिमटा हातात घेऊन रेघेवर उभा. म्हणाला, "काकू, आत येऊ का?"

दादा, भाऊजींनी खोली तुमची म्हटलं तेव्हापासून त्या खोलीत सगळे येत-जात होते. पंखे आले, मिक्सर आले, शटरवाला टेप घेऊन आला. आत येऊ का, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं नाही. शिवण पुरी केली, दोरा तोडला. तो उभाच होता. मग म्हटलं, ये.

आता दारावर पाटी हवी, शिवणाची आणि दुरुस्तीची मिळून एक. वर कोण आणि खाली कोण, यावर सध्या बोलणं बंद आहे. तू ये आणि ठरव. खिडकीखाली माझ्या बाजूला तुझा पलंग मावतो, डब्यांसकट. मी मापून पाहिलंय, आणि माझं माप चुकत नाही.

कुठल्या गाडीने येतोस ते लवकर कळव. एकच ओळ, दादा.

ठमी